तेलाचा कारखाना अजून सुरू व्हायचाय!

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आंबिवलीतल्या कुठल्याही नव्या सोसायटीत लिफ्टची वाट बघत दोन मिनिटं उभे राहा. एका दारातून मिक्सरचा आवाज येईल, दुसऱ्यातून टीव्हीचा आणि तिसऱ्यातून हमखास ऐकू येईल, ‘आईऽऽ, दुखतंय! नको नाऽऽ!’ घाबरू नका. आत कुणी कुणाला मारत नाहीये. साडेतीन वर्षांच्या एका छोट्या मॅडमचे केस विंचरणं चाललंय, एवढंच.

आठवड्याचे पाच-सहा दिवस हे डोकं आई-बाबांच्या वाट्याला येतच नाही. सकाळी सात-साडेसातची लोकल गाठायची, म्हणजे पिल्लू उठायच्या आत घर सोडायचं. ठाणे, ऐरोली, बीकेसी, जिथे असेल तिथलं ऑफिस उरकून परत येईपर्यंत पिल्लू जेवून पेंगुळलेलं. मधल्या वेळात ते डोकं आजीच्या नाहीतर पाळणाघरातल्या मावशींच्या ताब्यात. मग रविवारी उन्हात नीट बघितलं की धक्का बसतो. अरेच्चा, हे काय झालंय? केस आहेत की मक्याच्या कणसाचे धागे? पातळ, भुरभुरीत, टोकाला गुंतलेले, हात लावला तर खरखरीत!

आणि मग सुरू होतं टेन्शन. आई मोबाइलवर चार प्रकारचे शाम्पू बघून ठेवते. बाबा म्हणतात, ‘माझ्याकडूनच आलंय बहुतेक,’ आणि आपल्या कपाळावरून हात फिरवतात. आजी मात्र ठाम असतात. ‘अगं, एकदा गोटा करून टाका. मग बघ कसे दाट येतात!’

मंडळी, या सगळ्या गोंधळात एक साधी गोष्ट कुणी सांगतच नाही. लहान मुलांचे केस बारीक आणि कोरडे असतात, कारण ते लहान मुलांचे असतात. यात आजार नाही, कुणाचं चुकलेलं नाही. वरून जो खरखरीतपणा येतो, तो मात्र बहुतेक वेळा आपण घरी जे करतो त्यातून आलेला असतो. म्हणजेच तो आपल्याला थांबवताही येतो, तेही फार खर्च न करता. कसा, ते बघू या.

कारखाना सुरूच झालेला नाही

आपल्या डोक्याच्या त्वचेत तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. हे तेल केसावर पसरतं, त्याला मऊ ठेवतं, पाणी उडू देत नाही. मोठ्या माणसाचं डोकं दोन दिवस नाही धुतलं की चिकट होतं, ते याच तेलामुळे. दिवसभर एसी, संध्याकाळी लोकलची गर्दी, म्हणून आपण उठसूट शाम्पू करतो आणि ते खपूनही जातं.

लहान मुलांचं गणित वेगळं आहे. जन्मानंतर थोडे दिवस आईकडून आलेल्या हार्मोन्समुळे या ग्रंथी जोरात चालतात. (तान्ह्या बाळाच्या टाळूवर पिवळट पापुद्रे दिसतात ना, त्यात यांचाही हात असतो.) नंतर त्या जवळपास झोपी जातात. पुन्हा जाग येते ती साधारण आठ-नऊ वर्षांनंतर, मूल वयात यायला लागतं तेव्हा. म्हणजे दोन ते आठ वर्षांच्या डोक्यावर नैसर्गिक तेल जेमतेम असतं.

बंद पडलेला कारखाना म्हणजे काय, हे आंबिवली-मोहन्याच्या माणसाला सांगायला नको. एनआरसीला २००९ साली टाळं लागलं आणि त्याची झळ इथल्या कितीतरी घरांनी सोसली. पण पिल्लाच्या डोक्यावरचा कारखाना बंद पडलेला नाही बरं का. तो अजून सुरू व्हायचाय! तोवर आपलं काम एकच. आहे तेवढं तेल धुऊन टाकायचं नाही.

म्हणून पहिला फंडा. रोज शाम्पू नको. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. ‘पण ते घामेजून येतं हो, मातीत लोळून येतं!’ मान्य. मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये आंबिवलीत घाम कुणाला चुकलाय? अशा दिवशी नुसत्या कोमट पाण्यानं डोकं धुवा. घाम आणि धूळ पाण्यानं निघते. तिला फेस लागत नाही.

मामाची मांडी आणि गोट्याचा हिशोब

आता आजींच्या मुद्द्याकडे येऊ. जावळ हा आपल्याकडचा हौसेचा कार्यक्रम. मामाची मांडी, बाळाचा भोंगा, न्हावीदादांचा संयम आणि शेवटी सगळ्यांना पेढे. तो जरूर करा. त्यात घरच्यांचा आनंद आहे. फक्त ब्लेड नवं कोरं आहे ना ते बघा आणि नंतर काही दिवस उन्हात टोपी घाला.

पण ‘केस दाट यावेत म्हणून’ दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गोटा करायचा असेल तर थांबा. केस जिथून उगवतो ते मूळ त्वचेच्या आत असतं. वस्तरा फिरतो वरच्या वर. डोक्यावर किती मुळं असणार, साधारण लाखभर, हे बाळ पोटात असतानाच ठरलेलं असतं. वस्तऱ्यानं त्यात एकाचीही भर पडत नाही. १९२८ साली अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी पुरुषांच्या दाढीचे केस मोजून-मापून बघितले. दाढी केल्यानं केस ना जाड झाले, ना वेगानं वाढले. पुढेही अशा चाचण्या झाल्या आणि उत्तर तेच आलं.

मग आजींना दाट झालेले दिसतात ते काय खोटं? अजिबात नाही. त्याची दोन कारणं आहेत. एक, न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, वस्तऱ्यानं कापलेल्याचं बोथट. म्हणून नवे खुंट हाताला राठ लागतात. दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. बाळाचे जन्माचे केस पहिल्या काही महिन्यांत तसेही गळतात आणि त्यांच्या जागी हळूहळू थोडे जाड केस येतात. हे जाडं होणं पुढेही चालूच राहतं. आपण जावळ काढतो पहिल्या नाहीतर तिसऱ्या वर्षी. म्हणजे निसर्गाचं काम चालू असताना मध्येच वस्तरा येतो आणि सगळं क्रेडिट घेऊन जातो! (ऑफिसात असे सहकारी भेटले असतीलच.)

आजींना हे सांगताना मात्र जरा जपून. ‘अहो आई, ते सगळं अंधश्रद्धा असतं,’ असं सुरू केलंत तर संध्याकाळपर्यंत घरात शांतता नांदेल, पण ती चांगली शांतता नसेल. ‘आई, तुमच्या हातचं तेल लावून बघू ना दोन महिने, मग ठरवू,’ हे जास्त चालतं. आणि तेलाच्या बाबतीत आजी बऱ्याच अंशी बरोबर आहेत, हे पुढे येईलच.

साबण, बोअर आणि बाटलीतला प्रयोग

घाईच्या आंघोळीत एक शॉर्टकट सगळीकडे दिसतो. अंगाचा साबण, तोच डोक्याला. साबण अल्कधर्मी असतो. तो लागला की केसावरचे माशाच्या खवल्यांसारखे बारीक थर उघडतात आणि केस एकमेकांत अडकायला लागतात. त्यात पाणी जड असेल तर झालंच कल्याण!

आपल्या महापालिकेचं पाणी मुख्यतः उल्हास नदीचं. नदीचं पाणी सहसा बोअरच्या मानानं हलकं असतं. पण अनेक नव्या सोसायट्यांत नळाचं पाणी पुरत नाही, म्हणून बोअरवेल जोडलेली असते. उन्हाळ्यात टँकरही येतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असू शकतात. साबण या क्षारांशी मिळून एक चिकट साका तयार करतो. बादलीच्या कडेला बसतो तोच. तोच साका पिल्लाच्या केसांवरही बसतो. मग केस निस्तेज आणि खरखरीत होतात. आई म्हणते, ‘शाम्पू बदलायला हवा.’ शाम्पू बिचारा निर्दोष असतो.

पाणी जड आहे का, हे घरच्या घरी कळतं. रिकाम्या बाटलीत अर्धं पाणी घ्या, त्यात साबणाचा कीस टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आला आणि खाली पाणी स्वच्छ राहिलं तर पाणी हलकं. फेस कमी आणि पाणी दुधाळ झालं तर जड. गीझरच्या शॉवरला पांढरे थर बसत असतील तर प्रयोगही नको, उत्तर समोरच आहे. आकडाच हवा असेल तर सोसायटीच्या कमिटीला पाणी तपासून घ्यायला सांगा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा पर्यायच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

पाणी जड निघालं तर लगेच महागडं मशीन बसवायची गरज नाही. डोक्याला साबण बंद, मुलांचा सौम्य शाम्पू सुरू. शाम्पूचा साबणासारखा साका होत नाही. धुऊन झाल्यावर शेवटचे दोन तांबे नळाच्या नाहीतर उकळून गाळून गार केलेल्या पाण्याचे ओता. इतक्या छोट्या डोक्याला तेवढं पुरतं. आणि एक धोक्याची सूचना. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं वाया पाणी ‘फुकट कशाला घालवा’ म्हणून मुलांच्या आंघोळीला वापरू नका. मशीननं गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. ते लादी पुसायला ठेवा.

शाम्पू निवडताना बाटलीवरच्या ससुल्यापेक्षा मागची बारीक अक्षरं वाचा. वास कमी, रंग कमी, तितकं बरं. प्रमाण नाण्याएवढं, तेही आधी पाण्यात कालवून. चोळायची ती डोक्याची त्वचा. केसांची टोकं ओघळणाऱ्या फेसानंच स्वच्छ होतात. केस खांद्यापर्यंत असतील आणि फार गुंतत असतील तर मुलांचं कंडिशनर मटारच्या दाण्याएवढं, फक्त टोकांना लावा आणि नीट धुऊन टाका. पाणी कोमट असू दे. आपल्याला ‘छान गरम’ वाटतं ते पिल्लाच्या डोक्याला कढत असतं. रिठा-शिकेकाई घरची असली तरी डोळ्यांत गेली की भयंकर चुरचुरते आणि मग पुढचे सहा महिने न्हाणं म्हणजे रणांगण! डाळीच्या पिठाचे कणही बारीक केसांत अडकून बसतात. ते उटण्यापुरतं, अंगालाच ठीक.

ओला रेयॉन ताणू नका

एनआरसीत काम केलेले एखादे काका-आजोबा बिल्डिंगमध्ये असतील तर त्यांना विचारा, रेयॉनचा धागा ओला झाला की काय होतं? त्याची ताकद जवळपास निम्मी होते. म्हणून रेयॉनचे कपडे धुताना पिळू नका म्हणतात. केसाची रचना वेगळी, पण स्वभाव थोडा तसाच. ओला केस जास्त ताणला जातो आणि ताणाताणीत लवकर तुटतो.

त्यात मुलांचा केस बारीक. साधं गणित आहे. धाग्याची जाडी निम्मी असेल तर तो तोडायला लागणारं बळ निम्मं नाही, पावच लागतं. म्हणजे आपल्या केसांना जो झटका ‘काहीच नाही’ वाटतो, तो पिल्लाच्या केसाला पुरून उरतो. न्हाऊन आल्या आल्या खसाखसा टॉवेल आणि मग बारीक दातांचा कंगवा वरून खाली... इथेच केस तुटतात. आपल्याला वाटतं ‘वाढतच नाहीत’. वाढतात हो, महिन्याला साधारण सेंटिमीटरभर! पण वाढतात तेवढेच टोकाला तुटतात.

यावर उपाय फुकटातला आहे. टॉवेलऐवजी आजीची जुनी मऊ सुती साडी घ्या. घासू नका, गुंडाळून नुसतं दाबा. केस थोडे सुकू द्या. रुंद दातांचा कंगवा घ्या आणि सुरुवात टोकांपासून करा. एका हातानं गुंत्याच्या वरचा केस घट्ट धरायचा, म्हणजे ओढ मुळाशी पोचत नाही आणि ‘आईऽऽ’ ऐकू येत नाही. टोक सुटलं की थोडं वर, मग आणखी वर. पाच मिनिटांचं काम आहे. पाच मिनिटं नसतील तर त्या दिवशी विंचरू नका. वाऱ्यावर भुरभुरणाऱ्या केसांत पोरं गोडच दिसतात.

शाळा सुरू झाली की दोन वेण्या आणि रिबिनींचा नियम येतो. वेण्या घाला, पण सैल. कपाळाची कातडी ताणलेली दिसतेय, भुवया वर गेल्यासारख्या वाटतायत, कानाजवळ बारीक पुरळ आलंय, तर वेणी घट्ट आहे. हे वर्षानुवर्षं चाललं तर कडेचे केस कायमचे मागे हटू शकतात. साधं रबरबँड तर नकोच, काढताना चार केस सोबत घेऊन येतं. कापडी बो आणा. आणि दर दोन-तीन महिन्यांनी टोकं कापा. त्यानं केस दाट होत नाहीत, पण फाटलेली टोकं जातात आणि गुंता कमी होतो. सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये उतरायच्या आधी डोकं साध्या पाण्यानं भिजवा, बाहेर आल्यावर लगेच धुवा.

आजी, तेलाबाबत मात्र तुम्ही जिंकलात!

खोबरेल तेल चांगलं, हे आपल्याला पिढ्यान्पिढ्या माहीत होतं. त्यामागचं कारण मुंबईतच शोधलं गेलं. मारिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये एक प्रयोग छापला. केसांच्या बटांवर त्यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल वापरून बघितलं. धुताना-विंचरताना केसातलं जे प्रोटीन झडतं, ते खोबरेल तेलानं लक्षणीय कमी झालं. बाकी दोघांनी ते जमलं नाही. खोबरेल तेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं असतं, म्हणून ते केसाच्या आत शिरतं. बाकीची तेलं मुख्यतः वर बसून राहतात.

आता तुम्ही म्हणाल, ‘पॅराशूट’वाल्यांनीच खोबरेल तेलाला पहिला नंबर दिला, यात नवल काय? बरोबर आहे, हे ध्यानात ठेवायलाच हवं. प्रयोगही कापलेल्या बटांवर झाला, मुलांच्या डोक्यावर नाही. तेलानं केस उगवतात, असा त्याचा अर्थ तर मुळीच नाही. अर्थ एवढाच की न्हायच्या आधी लावलेलं तेल केसाला धुण्याच्या माऱ्यापासून वाचवतं. आपल्याला तेच तर हवंय!

म्हणून रविवारी न्हाण्याआधी तासभर, अर्धा चमचा तेल, हातावर कोमट करून हलकेच लावा. वाटीभर ओतू नका. तेल जास्त झालं की काढायला शाम्पू जास्त, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. रोज चोपडून पाळणाघरात पाठवलंत तर त्यावर दिवसभर धूळ बसते. आणि डोक्यात खपल्या, कोंडा असेल तर तेल रात्रभर ठेवू नका. खपल्या मऊ झाल्या की त्याच दिवशी धुऊन टाका.

डब्यात काय आहे?

केस म्हणजे मुख्यतः केराटिन, म्हणजे प्रोटीन. ते तयार व्हायचं तर पोटात प्रोटीन आणि लोह हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. हे फक्त दुर्गम पाड्यांवरचं चित्र नाही हं, दोन पगारांच्या घरातही ते सापडतं. पोळी नको, भाजी नको, म्हणून दिवसभर दुधाच्या बाटल्या. दूध चांगलंच, पण त्यात लोह अगदी कमी. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पोटात गेलं की बाकीच्या जेवणाला जागाच उरत नाही.

तेव्हा मटकीची उसळ आणि वर लिंबू पिळून (लिंबानं लोह अंगी लागतं), अंडं, मासे, हळिवाचा छोटा लाडू, राजगिऱ्याची वडी, डाळ-भात-तूप. आजीच्या कपातला ‘एकच घोट’ चहा जेवणाबरोबर नको, तो लोह शोषू देत नाही. लोहाचं टॉनिक मात्र आपल्या मनानं सुरू करू नका, जास्त झालं तर मुलांना ते घातक ठरतं. २०१८ साली सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप द्यायची योजना आहे. लसीकरणाला जाल तेव्हा तिथे विचारा.

आणि त्या रंगीत ‘हेअर गमीज’? मुलांसाठी ठाम नको. ज्यांना आठवत असेल त्यांनी बुलढाणा आठवा. २०२४ च्या डिसेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत शेगाव तालुका आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक पुंजक्यानं हातात यायला लागले. आधी संशय पाण्यावर गेला, शाम्पूवर गेला, बुरशीवर गेला. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जातात ते, यांनी गावात जाऊन नमुने घेतले आणि रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. गंमत बघा. सेलेनियम शरीराला लागतं, कणभर. केसांच्या गोळ्यांच्या डब्यांवर त्याचं नाव ऐटीत छापलेलं असतं. तेच जास्त झालं की केस जातात! बायोटिनचंही तसंच. जेवणाऱ्या मुलाला त्याची कमतरता क्वचितच असते, आणि त्याच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. द्यायची तर डॉक्टरांनी, डॉक्टरांना विचारून.

थांबू नका, दाखवा

आतापर्यंत ‘टेन्शन नका घेऊ’ म्हटलं. पण काही खुणा दिसल्या तर रविवारची वाट बघायची नाही.

डोक्यात गोल चट्टा, त्यावर खवले, खाज आणि मुळाशी तुटलेले काळे ठिपके दिसले तर तो डोक्यातला नायटा असू शकतो. तो संसर्गजन्य असतो आणि नुसत्या मलमानं जात नाही, पोटातून औषध लागतं. केमिस्टकडची स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावलीत तर तो वरून लपतो आणि आत पसरतो. चट्टा गुळगुळीत, रुपयासारखा असेल तर ती चाई असू शकते. तीही डॉक्टरलाच दाखवायची.

केस कोरडे, त्याबरोबर बद्धकोष्ठ, सुस्ती आणि उंची अडलेली असेल तर थायरॉइड तपासायला हवं. केस विरळ आणि तांबूस होतायत, वजन वाढत नाही, पायांवर सूज आहे, तर कुपोषणाचा विचार करायचा. दोन ते सहा वर्षांच्या काही मुलांचे केस हलक्या हातानं ओढले तरी न दुखता मुळासकट हातात येतात. कित्येक महिने कापावे लागत नाहीत. याला मुळांची पकड सैल असणं कारण असतं आणि वयाबरोबर ते बरंच सुधारतं, पण निदान त्वचारोगतज्ज्ञांनी करायचं. आणि पावसाळ्यात डेंग्यू-टायफॉइड झाला असेल तर दोन-तीन महिन्यांनी, ऐन दिवाळीत, केस गळायला लागतात. हे बहुतेक वेळा आपोआप थांबतं. तारखा मात्र डॉक्टरांना नक्की सांगा, निम्मं निदान त्यातच असतं.

फ्रिजवर लावायचं टाइमटेबल

रविवार : तासभर आधी अर्धा चमचा खोबरेल, कोमट पाणी, थोडा शाम्पू, सुती कापड, रुंद कंगवा.
बुधवार : जमलं तर आणि गरज असली तरच दुसरं न्हाणं. रात्री आल्यावर नको, ओल्या डोक्यानं झोप लागत नाही. आजी-बाबा यांच्यात वाटून घ्या.
बाकी दिवस : घाम आला तर नुसतं पाणी. सैल वेणी नाहीतर मोकळे केस.
महिन्यातून एकदा : बारीक फणीनं उवा-लिखा बघणं. पाळणाघर आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.
दर दोन-तीन महिन्यांनी : टोकं कापणं.
हे पाळणाघरातल्या मावशींनाही समजावून सांगा. ‘करू नका’ म्हणून नाही, ‘असं केलं तर ती रडत नाही’ म्हणून. त्यांनाही ते हवंच असतं.

आणि एक, केसांच्या पलीकडचं

वर सांगितलेलं सगळं करूनही पिल्लाचे केस उद्या जाहिरातीसारखे होणार नाहीत. खरखर जाईल, गुंता कमी होईल, तुटणं थांबेल. जाडी आपल्या वेळेनं येईल. काहींची येईल, काहींची आई-बाबांसारखीच राहील. याला सहा महिने-वर्ष लागतं आणि त्या काळात घरात पाहुणे येतात, लग्नं होतात, कुणीतरी हसत हसत म्हणतं, ‘काय गं, ही वेणी की उंदराचं शेपूट?’ मोठी माणसं हसतात. चार वर्षांचं मूल आरशात बघतं.

तिला तोपर्यंत माहीतही नसतं की केसांना चांगलं-वाईट काही असतं. ते आपल्याकडून कळतं, कंगवा हातात असतानाच्या आपल्या सुस्काऱ्यांतून, फोनवरच्या ‘हिचे केसच नाहीत गं’मधून. तेव्हा पुढच्या वेळी कुणी शेपूट म्हणालं की तिच्यासमोरच, हसूनच, पण स्पष्ट सांगा, ‘छान मऊ आहेत हो तिचे केस.’ हे खोटं नाही. बारीक केस मऊच असतात, आपण फक्त ते खरखरीत होऊ द्यायचे नाहीत.